चढाची तयारी

हॉस्पिटलात तिला सगळे भिंगरी म्हणायचे. तोंडावर भिंगरीमावशी, पाठीमागे नुसतंच भिंगरी. काम चाकाच्या खुर्चीचं. वॉर्डातल्या पेशंटला खुर्चीत बसवायचं, एक्स-रेला न्यायचं, परत आणून पलंगावर निजवायचं, खुर्ची पुसायची, की पुढचा पेशंट. बाकीच्या मावश्या दोन फेऱ्यांच्या मध्ये बाकावर टेकायच्या, चहा घ्यायच्या, सुनांची उणीदुणी काढायच्या. हिचं बूड काही बाकाला लागत नसे. रिकामी खुर्ची ढकलत ती कॉरिडॉरमध्ये येरझारा घालायची. मावश्या म्हणायच्या, "अगं, निदान त्या खुर्चीत तरी बस!"

घरीही तीच तऱ्हा. जेवताना दोन घासांच्या मध्ये उठून गॅस बंद आहे का बघणार, नळ पुन्हा घट्ट करणार, दोरीवरचे वाळलेले कपडे उगाच उलटे करणार. नवरा मीटर तपासायच्या नोकरीतून निवृत्त झालेला. आयुष्यभर लोकांच्या दारात उभं राहून आकडे वाचले, आता आपल्या दारातूनही बाहेर पडायचं नाही असं त्याने ठरवलं होतं. तो पेपराआडून म्हणायचा, "तू बसलीस की मला सांग. फोटो काढून ठेवतो."

पन्नाशी ओलांडली आणि ही चुळबूळ तिच्या झोपेत शिरली. उजाडायच्या कितीतरी आधी जाग यायची. अंगातून वाफा निघायच्या, पांघरूण लाथेने पायथ्याशी जायचं, मग एकदम गार वाटायचं, मग पुन्हा पांघरुणाची शोधाशोध. शेजारी नवरा संथ लयीत घोरत असायचा, आणि त्या लयीनेच तिचं डोकं फिरायचं. एका पहाटे ती उठली, घरातल्याच चपला घालून बाहेर पडली आणि कॉलनीला चक्कर मारून आली. दुसऱ्या दिवशी दोन चकरा. असे काही आठवडे गेले आणि एक दिवस कोपऱ्यावरचं कुत्रं मागे लागलं. ती पळाली. कुत्रं कंटाळून थांबलं, ही थांबली नाही. घरी आली तेव्हा घामाने निथळत होती, छाती भात्यासारखी हलत होती, आणि आत कधी नव्हे ते शांत होतं. त्या दिवशी ती पूर्ण जेवण एका जागी बसून जेवली. नवऱ्याने विचारलं, "बरं नाही का तुला?"

तेव्हापासून पहाटेचा तो तास तिचा झाला. कुणी दिला नव्हता, म्हणून कुणी मागितलाही नाही. निदान इतके दिवस तरी.

एक्स-रे विभागात एक तरुण सिस्टर होती, सडपातळ, मनगटावर मोठं घड्याळ, डब्यात भिजवलेलं काहीबाही. तिने भिंगरीला पहाटे पळताना पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी धरलंच.

"मावशी, डोंगरातली अर्धी मॅरेथॉन आहे. तुमचं नाव घालते."

"अर्धीच का? पूर्ण का नाही?" भिंगरीला वाटलं, अर्धी म्हणजे बायकांसाठी असणार.

"एकवीस किलोमीटर असते ती, मावशी. चढउताराची."

"अगंबाई! मग पाव असेल तर बघ."

पण नाव घातलं गेलं. आता प्रश्न डोंगराचा. गाव तळहातासारखं सपाट. उंच म्हणजे पाण्याची टाकी, तिलाही कुंपण. शेवटी तिला हॉस्पिटलातला रॅम्प आठवला. लिफ्ट आली त्याच्याही आधीचा, तळमजल्यापासून पाचव्यापर्यंत वळत वळत जाणारा. एरवी तिथे मोडके पलंग आणि ऑक्सिजनची रिकामी नळकांडी ठेवलेली असायची. लिफ्ट बंद पडली तरच त्याची आठवण व्हायची. ड्यूटी संपली की भिंगरी कपडे बदलायची आणि रॅम्प चढायला लागायची.

पहिल्याच आठवड्यात मेट्रनने बोलावून घेतलं. "दुसऱ्या मजल्यावर लहान मुलांचा वॉर्ड आहे. तुम्ही चढता तेव्हा कळतही नाही. उतरताना मात्र छत कोसळल्यासारखं वाटतं. धप्‌ धप्‌ धप्‌. आत्ता कुठे झोपवलेली सगळी पोरं उठली."

"मग बंद करू का, मॅडम?"

मेट्रन आतून भली बाई. थोडा विचार करून म्हणाली, "चढा हवं तितकं. उतरायला लिफ्ट वापरा."

म्हणून रोज पाच मजले पळत वर, आणि लिफ्टने खाली. लिफ्टवाले काका पाचव्यावर दार उघडून तिची वाट बघायचे. "चढते मोलकरणीसारखी, उतरते महाराणीसारखी," म्हणायचे आणि स्टूल पुढे करायचे. ती अर्थातच बसायची नाही. आरशात तोंड बघत, जागच्या जागी पाय हलवत खाली यायची, दार उघडलं की पुन्हा सुसाट. काका तिच्या फेऱ्या येणाऱ्या-जाणाऱ्या पेशंटच्या नातेवाइकांना कौतुकाने सांगायचे. मेट्रन एकदा स्वतः वरच्या मजल्यावर उभी राहून बघून गेली. सिस्टर म्हणाली, "मावशी, चढावर तुम्हाला कुणी गाठणार नाही." एवढी माणसं त्या तयारीत होती, शिकलेली, न शिकलेली, पण जे चढायचं ते उतरावंही लागतं हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. हॉस्पिटलात उतरायला लिफ्ट असते.

भिंगरीचं घर तळमजल्यावर, आणि त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर तिची मुलगी राहायची. बाळ सहा महिन्यांचं झालं होतं आणि रजा संपत आली होती. तिची नोकरी बेकरीत, भट्टी लावायची पाळी, म्हणजे पहाटे घर सोडायचं. जावई बसचा ड्रायव्हर, त्याची पहिली गाडीही तेव्हाच. पाळणाघर उघडायचं आठनंतर. एका रविवारी तळमजल्यावर आईकडे सगळे जेवायला बसले असताना मुलीने बाळाच्या तोंडात चमचा धरून, वर न बघता विषय काढला.

"आई, पहाटे बाळाला तू बघशील ना? तू तशीही उठलेलीच असतेस."

तशीही! जणू पहाट म्हणजे घरात पडून असलेली जुनी बादली, कुणीही घेऊन जावी. भिंगरीला म्हणायचं होतं, नाही गं, तो तास मला हवाय. पण 'मला हवंय' हे दोन शब्द तिच्या तोंडाला सवयीचे नव्हते. माहेरी नव्हते, सासरी नव्हते. दुकानातसुद्धा ती म्हणायची, "यांना निळा लागतो, पोरीला मोठा लागतो." ती उठली, नळ घट्ट करून आली आणि म्हणाली, "आधी ती डोंगरातली शर्यत होऊ दे."

"आणि नंतर?"

नवऱ्याला गंमत सुचली. "आपण पैजच लावू. शर्यतीच्या मागून एक गाडी येते म्हणे, वेळेत न पोचलेल्यांना उचलायला. आई पळत आली तर पहाट आईची, तुझं तू बघ. गाडीत बसून आली तर पहाट बाळाची. आहे कबूल?"

सगळे हसले. जावई म्हणाला, "मामी, गाडीत पुढची सीट धरा, वारा लागतो." मुलगी हसली, पण तिचे डोळे आईवरच होते. आणि भिंगरी म्हणाली, "कबूल."

मागण्यापेक्षा जिंकणं तिला सोपं वाटलं. पुढचे कितीतरी दिवस ती रॅम्प चढत राहिली ते याच हिशेबाने: वर पोचलं की पहाट माझी.

शर्यतीच्या दिवशी नवरा बरोबर आला, केळी आणि घडीची खुर्ची घेऊन. टेकड्यांच्या पायथ्याशी शाळेच्या मैदानावर फुग्यासारखी हवा भरलेली मोठी लाल कमान, कर्णा, आणि पोटऱ्या चोळणारी शेकडो माणसं. भिंगरी तीनदा मुतारीला जाऊन आली. सिस्टर म्हणाली, "मावशी, सुरुवातीला सावकाश." नवऱ्याने खुर्ची उघडली. "मी इथेच आहे. हरवलीस तर विचार, पेपर वाचणारा माणूस कुठेय."

पहिला चढ लागला तेव्हा तिला हसूच आलं. हा तर रॅम्पच, फक्त झाडं लावलेला! श्वास आपोआप लागला, पाय सवयीने पडत गेले. पुढे महागड्या बुटांची माणसं कमरेवर हात ठेवून चालायला लागली होती, त्यांच्या बाजूने ती टुकूटुकू वर निघाली. एकजण म्हणाला, "काय खाता, काकू?" ती म्हणाली, "बोलणी!" आणि पुढे गेली. माथ्यावर वारा होता, खाली शेतांचे तुकडे. तिला एकदम वाटलं, झालं, जिंकले. सवयीने तिची नजर लिफ्टचं दार शोधायला गेली असावी. समोर रस्ता सरळ खाली कोसळत होता.

पहिला उतार ती मजेत उतरली, धप्‌ धप्‌ धप्‌, इथे उठायला मुलं नव्हती. दुसऱ्या उतारावर मांडीच्या पुढच्या बाजूला काहीतरी चिमटल्यासारखं झालं. मघा मागे टाकलेली माणसं एकेक करून पुढे निघून गेली. मघाशी 'काय खाता' विचारणाऱ्या माणसाने तिच्याकडे बघूनही बघितलं नाही. पुन्हा चढ आला, तिने पुन्हा दोघांना गाठलं, पुन्हा उतार, पुन्हा सगळे पुढे. तिसऱ्या उतारावर गुडघे ऐकेनात. प्रत्येक पावलाला मांड्या थरथरायच्या, पाय टेकला की आतून कुणी दोरी सोडल्यासारखा दुमडायचा. एका वळणावर ती बसलीच. बसली म्हणजे पडली. हात खरचटले.

ती उठून उभी राहिली तेव्हा रागाने तिच्या डोळ्यांत पाणी होतं. एवढा चढ चढून उतारावर कुणी हरतं का? ती बाजूच्या दगडाला धरून दोन पावलं उतरली, मग थांबली, आणि मग सरळ वळून उभी राहिली, खोऱ्याकडे पाठ, डोंगराकडे तोंड. लिफ्ट बंद असली की खुर्ची रॅम्पवरून अशीच उतरवतात. पेशंट सुटून पुढे गडगडू नये म्हणून मावशीने उताराकडे पाठ करायची, खुर्ची आपल्या अंगावर घ्यायची आणि पाठीने एकेक पाऊल खाली यायचं. तिने हात पुढे धरले, जणू खुर्चीच्या मुठी, आणि मागे पाऊल टाकलं. मांडी ओरडली नाही. दुसरं टाकलं. जमत होतं.

बकऱ्या घेऊन वर येणारा एक म्हातारा तिला ओलांडून गेला आणि वळून थबकला. "बाई, शर्यत खाली चाललीय. तुमचं तोंड वर आहे."

"तोंड राहू द्या, पाय खालीच चाललेत."

"पाठीमागे खड्डा आहे."

"कुठल्या बाजूला?"

"डाव्या. तुमच्या नव्हे, माझ्या डाव्या." आणि तो बराच वेळ तिच्याकडे वळून वळून बघत राहिला. बकऱ्याही बघत राहिल्या.

पाठीने चालण्यात एकच वाईट होतं: जे मागून येतंय ते तोंडासमोर दिसतं. वरच्या वळणावरून एक पांढरी गाडी हळूहळू खाली येताना तिला दिसली. पाटी वाचायची गरजच नव्हती. ही उलटी उतरतेय, गाडी सुलटी, दोघींची तोंडं समोरासमोर. गाडी जवळ आली. ड्रायव्हरने काच खाली केली. जाड मिशांचा, गाणी ऐकत असलेला माणूस. मागच्या बाकांवर दोन पोरगे पाय पसरून बिस्किटं खात होते.

"मावशी, बसता का?"

"नाही."

"मी पुढे बघून चालवतोय, तुम्ही मागे बघून चालताय. धडक झाली तर चूक कुणाची धरायची?"

"तुमची. मला तुम्ही दिसताय."

ड्रायव्हर हसला. गाणं बंद केलं. बराच वेळ ते तसेच खाली येत राहिले, ती पाठीने, गाडी तिच्या चेहऱ्यासमोर. तो मधून मधून सांगायचा, "वळण आलं. उजवीकडे. अजून. बस." एकदा म्हणाला, "घरचं काही टेन्शन आहे का, मावशी? माझी बायको भांडून निघाली की अशीच चालते. सरळ असते, पण अशीच."

"बाळ आहे."

"या वयात?"

"नातू हो!" ती ओरडली, आणि तेवढ्यात हसू फुटल्यामुळे तिचा पाय चुकला, सावरला.

खाली सपाटीला शेवटचं ठाणं होतं, टेबल, पाण्याचे ग्लास, आणि शिट्टी गळ्यात घातलेली एक मुलगी. ती उठून पुढे आली. "वेळ संपली, काकू. नंबर द्या. गाडीत बसा, प्लीज. पुढचा रस्ता आम्हाला मोकळा करायचाय."

"थोडंच राहिलंय ना?"

"थोडंच. पण नियम आहे."

शिट्टीवाली मुलगी बरोबर होती. भिंगरीला हॉस्पिटलातले नियम माहीत होते, भेटीची वेळ संपली की रडणाऱ्या नातेवाइकांना बाहेर काढायचं काम तिनेही केलं होतं. तिने छातीवरचा नंबर सोडवला, टाचण्या नीट परत लावून मुलीच्या हातात दिला. ड्रायव्हरने पुढच्या सीटचं दार उघडलं. सीट रुंद होती, वारा लागणारी. तिचं सगळं अंग तिकडे झुकलं.

"माझी शर्यत संपली," ती मुलीला म्हणाली. "रस्ता तर चालू आहे ना?" आणि कडेकडेने चालायला लागली. सपाटीवर मांड्या जेमतेम चालू देत होत्या. गाडी थोडा वेळ मागे रेंगाळली, मग एकदा हॉर्न वाजवून पुढे निघून गेली.

ती मैदानावर पोचली तेव्हा लाल कमानीतली हवा काढली होती. कमान गवतावर चुरगळून पडली होती आणि दोघेजण तिच्यावर लोळून उरलीसुरली हवा दाबत होते. नवरा घडीच्या खुर्चीत, डोक्यावर पेपर. तिला बघून तो उठला, चक्क पळत आला.

"कुठे होतीस? गाडी आली तर तू नाहीस! मी त्या मिशीवाल्याची कॉलर धरणार होतो." मग त्याने तिच्या खरचटलेल्या हातांकडे बघितलं, केळं सोलून दिलं. आणि खिशातून एक पदक काढलं. "खोक्यात उरली होती. मी म्हटलं, बायको येतेय. दिलं त्यांनी. घाल गळ्यात."

"मी वेळेत आले नाही. नंबर काढून घेतला."

"पण पूर्ण केलीस की नाही? गाडीत बसलीस का? नाही. पैज काय होती? गाडीत बसली तर." तो मनापासून बोलत होता. पोरीला काय सांगायचं याची त्याने बसल्या बसल्या जुळवाजुळव करून ठेवली होती. "पदक दाखव, विषय संपला."

परतीच्या बसमध्ये तिने सीट तीनदा बदलली. पाय पसरले तरी दुखत, मुडपले तरी दुखत. पदक मुठीत गरम झालं होतं. ते दाखवलं की मुलगी काही बोलणार नाही, हे तिला ठाऊक होतं. पुढच्या वेळी मात्र पुन्हा एक पैज लागेल. बाळाला दात येतील, मुलीची पाळी बदलेल, नवऱ्याचं गुडघ्याचं काही निघेल, आणि दर वेळी तिला आपला तास एखाद्या डोंगरावरून जिंकून आणावा लागेल. आणि एक दिवस डोंगर जास्त उंच निघेल. तिला उकडायला लागलं. तिने खिडकी उघडली, मागच्याने बंद करायला लावली, तिने पुन्हा उघडली.

मुलगी तळमजल्यावरच बसली होती, मांडीवर बाळ. "काय झालं?" तिने दारातच विचारलं. नवऱ्याने तोंड उघडलं, पण भिंगरीने आधी बोलून टाकलं.

"नाही आले वेळेत. हरले."

मुलीने श्वास सोडला. ती दुष्ट नव्हती, दमलेली होती. "लागलं का तुला? बस आधी. बरं, म्हणजे मग उद्यापासून—"

"नाही."

"नाही म्हणजे? ठरलं होतं ना?"

"ठरलं होतं. मी चुकीचं ठरवलं. जे माझं होतं ते मी पैजेला लावलं. ती पहाट मला हवी आहे." एवढं बोलायला तिला भिंतीला हात टेकावा लागला. "संध्याकाळी घेईन त्याला, रविवारी घेईन, आजारी पडला तर रजा टाकेन. पहाटे नाही."

"पळायला? बाळापेक्षा पळणं मोठं झालं तुला?" मुलीचा आवाज फाटला. "मग मी काय करू सांग ना. भट्टीजवळ बांधू याला? तूच तर म्हणायचीस, नोकरी सोडू नकोस!"

"अजूनही म्हणते."

"सगळ्यांच्या आया बघतात."

बाळ रडायला लागलं. नवरा तिच्या मुठीतलं पदक घेऊन खिशात घालत पुटपुटला, "सगळं सरळ झालं असतं," आणि पेपर शोधायला वळला. मुलीची नजर बाळावरून त्याच्याकडे गेली आणि तिथेच थांबली.

"बाबा, तुम्ही काय करता पहाटे?"

"मी?" तो दचकला. "मी झोपलेला असतो."

"ते ठाऊक आहे. पण का?"

तो बायकोकडे बघायला लागला. इतक्या वर्षांत असा प्रश्न आला की तीच उत्तर द्यायची, यांची पाठ दुखते, यांना जमत नाही. आज ती गप्प राहिली. गप्प राहणं तिला चढापेक्षा जड गेलं. मुलगी पिशवी उचलून निघाली. दारातून म्हणाली, "साडेपाचला या वर. दूध काढून ठेवते. गरम करायचं नाही, कोमट करायचं. आई, तू सांगू नकोस त्यांना, मी सांगीन." आईकडे न बघताच ती जिना चढून गेली.

सोमवारी पहाटे नवरा उठला. आदळआपट करत उठला, चष्मा सापडला नाही म्हणून, चपला सापडल्या नाहीत म्हणून. "त्याने शी केली तर?" त्याने दारातून विचारलं.

"तर पुसा."

तो वर गेला. ती बूट घालायला वाकली तर मांड्यांतून कळ गेली. पळणं सोडाच, उंबरा ओलांडायला तिला चौकटीला धरावं लागलं. आज घरी राहिली असती तरी चाललं असतं, कुणालाही पटलं असतं. ती बाहेर आली. रस्त्यावर अजून दिवे होते. मुलगी तिच्या बाजूने झपाझप निघून गेली, "येते" म्हणाली, पण थांबली नाही.

तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावर बाळ रडायला लागलं. नेहमीचं भुकेचं रडणं, आधी कुरकुर, मग चढा सूर. वर दिवा लागला. काहीतरी पडलं. नवऱ्याचा आवाज आला, घाबरलेला, "अरे हो हो हो." रडणं वाढलं. भिंगरीचे दुखरे पाय आपोआप जिन्याकडे वळले. तिने कठड्याला हात लावला. वरून खिडकी उघडली आणि नवऱ्याचं डोकं बाहेर आलं.

"अगं ए! कोमट म्हणजे किती?"

"मनगटावर थेंब टाकून बघा," ती खालून म्हणाली. "चटका बसला नाही म्हणजे कोमट."

"तू येतेस का वर?"

"नाही," ती म्हणाली. आणि ताठ, लाकडासारखे पाय टाकत कोपऱ्याकडे चालायला लागली. रडणं कोपऱ्यापर्यंत ऐकू आलं. कोपऱ्यापलीकडेही तिला ते ऐकू येत होतं, पण ती वळली नाही.